पट्टीशिवाय बसवलेली काच

बाबा, तुम्ही आज असता तरी हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं. तुम्ही निजामाच्या शाळेत उर्दू शिकलात. माझं शाळेचं वय झालं तोवर राज्य बदललं होतं, आदिलाबादला मराठी शाळा उघडली होती, म्हणून मी मराठी शिकले. धाकट्या भावाची मुलं तेलुगूत शिकली. एका घरात तीन लिप्या, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही. तुम्ही कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं म्हणा, पण हे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेण्यासारखं नाही. आणि आपण घरात आमी-तुमी बोलणारी माणसं; लिहायला बसलं की मात्र शाळेतली भाषा पुढे येते. तेवढं चालवून घ्या.

मला आपला मोटारखाना अजून जसाच्या तसा दिसतो. कचेरीच्या मागे पत्र्याची लांब शेड, एका बाजूला सरकारी जीपगाड्या, दुसऱ्या बाजूला अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे निजामाच्या कलेक्टरच्या, काळातली एक मोडकी मोटार, तिच्यात कोंबड्या बसायच्या. तुम्ही तिथले मिस्त्री. पोलीस कारवाईनंतर तुमचा जोडीदार हैदराबादेला निघून गेला आणि परत आलाच नाही. नव्या साहेबांनी मोटारखान्यातल्या एकेकाला बोलावून विचारपूस केली, तुम्हालाही बोलावलं. तिथे काय झालं ते तुम्ही घरी कधी सांगितलं नाही. आई एवढंच म्हणायची, "तवापासून तुह्या बाबाच्या तोंडातून खरं-खोटं काईच निघत नाई. साहेब म्हनते ते हो." मी लहान होते, मला ते कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की दुपारी तुमची भाकर घेऊन गेलं की तुम्ही मला लवकर घरी पाठवत नाही.

काच बसवायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून दाबणारा, एक गाडीत बसून दोरी ओढणारा. जोडीदार गेला, म्हणून आत तुम्ही मला बसवलंत. आधी काचेभोवती रबर चढवायचं, कारखान्यात त्याला बीडिंग म्हणत. त्याच्या आतल्या खाचेत काच बसते, बाहेरच्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. बाहेरच्या खाचेत दोरी घालून तिची टोकं गाडीच्या आत सोडायची, सगळ्याला साबणाचा फेस लावायचा, आणि बाहेरच्यानं तळव्यानं दाब दिला की आतल्यानं दोरी ओढत जायचं. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून उलटून आत येतो. घाई केली की रबर फाटतं, एकाच जागी जोर पडला की काच तडकते. तुम्ही सुतळी वापरायचे. सुतळीनं रबर कापतं हे मी तुम्हाला दाखवलं आणि आईच्या परकराचा नाडा आणून घातला, तेव्हा तुम्ही शेड दणाणेल इतके हसला होता. "साहेबाच्या गाडीत नाडा!" म्हणाला होता. त्यानंतर तुम्ही सुतळीला हात लावला नाही. तुम्ही तेव्हा असे हसायचे, बाबा. मी ते विसरलेली नाही, आणि म्हणूनच पुढचं गिळता येत नाही.

मग राज्यं पुन्हा नव्यानं जुळवली गेली. राजुरा तालुका तिकडे मराठी मुलखात गेला, आपण इकडे तेलुगू राज्यात राहिलो. कचेरीतल्या पाट्या बदलल्या, कारकून बदलले, समुद्राकडच्या जिल्ह्यांतून नवे अधिकारी आले. तुमचं उर्दू जुनं झालं, मराठी कुणाच्या कामाची राहिली नाही, तेलुगू तुम्हाला बाजारापुरतं यायचं. मोटारखाना बंद करून गाड्यांचं काम सरकारी बसच्या नव्या कारखान्यात नेणार अशी बोलवा होती. तुमची बोटं तेव्हा आखडायला लागली होती. सकाळी पाना धरताना तुम्ही दात आवळायचे. भाकर खाताना म्हणायचे, "नवं राज्य हाय. जुन्या मानसाले आता कोन पुसते? पोरगा कुठं लागला म्हंजे सुटलो." पोरगा म्हणजे धाकटा. त्याचं शाळेत मन लागलं नव्हतं आणि मोटारखान्यातही लागत नव्हतं. स्वभावानं गरीब, पण हातात घेतलं ते त्यानं मोडलं असं व्हायचं.

त्याच दिवसांत समुद्राकडून आलेल्या नव्या साहेबांची स्वतःची मोटार तुमच्याकडे आली. इंग्रजी बनावटीची, दुधाच्या सायीसारख्या रंगाची, पाठीला गोल. पुढच्या काचेचं रबर उन्हानं वाळून चिरलं होतं आणि पावसाचं पाणी साहेबांच्या गुडघ्यावर गळायचं. नवं रबर त्यांनी मद्रासहून मागवून दिलं होतं. त्या रबराला दर्शनी बाजूला आणखी एक खाच होती, आणि तिच्यात बसायची चकचकीत धातूची पट्टी. ती पट्टी नुसती शोभेची नव्हती. ती खाचेत गेली की रबर फुगतं आणि काच अन् पत्रा दोन्हीला आवळून धरतं. तुम्ही धाकट्याला म्हणाला, जुनी पट्टी अलगद काढ. त्यानं पेचकस घातला आणि ती मधोमध दुमडली. सरळ करायला गेला तर तुटली.

तुमचा चेहरा मला आठवतो. तुम्ही त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. उलट्या डब्यावर बसलात आणि म्हणालात, "मेलो." पट्टी हैदराबादेला मिळत नव्हती. मद्रासला मिळाली तरी साहेबांना सांगावं लागणार होतं की तुमच्या पोरानं मोडली. आणि त्याच साहेबांच्या शब्दावर धाकटा बसच्या कारखान्यात लागणार होता.

मी शेडच्या दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत होते. नागपूरकडून आलेली बस कचेरीसमोर थांबली होती. मी म्हणाले, "बाबा, बसच्या काचीले कुठं पट्टी असते?"

"बसचं रबर येगळं."

"रबर येगळं, पन खाच तशीच हाय. त्याच्यात रबराचीच गोल दोरी भरतेत. थेच इथं भरू."

"साहेबाची गाडी हाय थे. बस नाई."

"गळनार नाई, एवढं मी सांगतो."

हो, मी तेव्हा 'सांगतो' म्हणायची. तुमच्यासोबत राहून तुमच्यासारखीच बोलायला लागले होते. ओळखीच्या ड्रायव्हरकडून तुम्ही ती रबराची दोरी आणलीत. नवं रबर आपण दोघांनी चढवलं, मी आत, तुम्ही बाहेर. पण वरच्या कोपऱ्याशी आल्यावर तुमच्या बोटांनी दगा दिला. तुम्ही हात झटकत बाजूला झालात, आणि मी आतली दोरी सोडून बाहेर आले, तळव्यानं काच दाबली, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर. धाकटा फेसाची बादली धरून उभा. मग ती गोल दोरी खाचेत भरायची होती. हाताशी तसलं हत्यार नव्हतं, म्हणून मी सायकलची तार वाकवून आकडा केला आणि त्यानं खाचेचे ओठ उघडत दोरी दाबत गेले. जोड खाली मधोमध घेतला, आणि दोरी जरा लांबच कापून चेपून बसवली, कारण रबर पुढे आखडतं आणि जोड उघडा पडतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या बसगाड्यांचे उघडे पडलेले जोड मी पाहिले होते.

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. चकचकीत पट्टीच्या जागी काळंभोर रबर बघून त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. तुम्ही हात जोडून उर्दूत सांगितलं की हुजूर, पाणी टाकून पाहा. त्यांच्या शिपायानं काचेवर घागरीमागून घागर ओतली. साहेब आत बसून राहिले. खाली उतरले तेव्हा त्यांनी रुमालानं काचेची आतली कड पुसली आणि कोरडा रुमाल आपल्याला दाखवला. ते हसले. चांगला माणूस होता, मला त्याच्याविषयी काही म्हणायचं नाही. त्यांनी तेलुगूत विचारलं, "एवरु चेशारु?" कोणी केलं, एवढं मलाही कळलं. माझे हात कोपरापर्यंत फेसानं भरलेले होते, लुगड्याचा पदर ओला होता, हातात तो आकडा होता. मी तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही म्हणालात, "मेरे लड़केने, साहब."

साहेबांनी धाकट्याच्या खांद्यावर थाप मारली. धाकट्यानं मान खाली घातली आणि बादली धरूनच उभा राहिला. साहेबांना तो लाजला असंच वाटलं असेल.

घरी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तुम्ही पाय धुऊन आत आलात आणि आईला म्हणालात, "झालं पोराचं काम." मी पीठ मळत होते. मी विचारलं, "बाबा, तुमी खोटं काऊन बोलले?" तुम्ही तेव्हा जे बोललात ते मी इतक्या वेळा मनात फिरवलंय की त्याचा एकेक शब्द घासून गुळगुळीत झालाय. तुम्ही म्हणालात, "खोटं कायचं? घरातलं घरातच हाय. त्याले नोकरी पाह्यजे. तुले काय पाह्यजे? तुले ठेवतीन का कारखान्यात? आन् मिस्त्रीचं काम करनाऱ्या पोरीले कोन सून करून घेते? उद्यापासून भाकर धाकटा आनन. तू येऊ नको." आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

मला कारखान्यात ठेवलं नसतं हे मलाही ठाऊक होतं, बाबा. मी नोकरी मागितली नव्हती. साहेबांची शाबासकीही मागितली नव्हती. "माझ्या पोरीनं" एवढं म्हणायला काय लागत होतं? धाकट्याचं नाव दुसऱ्या वाक्यात घेता आलं असतं. पोरगी करते, पोरगाही शिकतोय, असं म्हणाला असता तर साहेब कदाचित आणखी हसले असते. तुम्ही तेवढाही विचार केला नाही. साहेब समोर आला की तुमच्या तोंडून जे सोपं ते निघायचं, आणि मला पुसून टाकणं सगळ्यांत सोपं होतं.

धाकटा बसच्या कारखान्यात लागला. माझं लग्न वांकिडीला झालं. घर बरं होतं. किराणा आणि भाजीचं दुकान, सासूबाई तोंडानं फटकळ पण पोटात काही न ठेवणाऱ्या, आणि हे शांत. मी वजनं उचलली, पोती शिवली, तेलुगू शिकले, मुली वाढवल्या. गाडीला हात लावला नाही. पण दुकानासमोर बस थांबली की माझी नजर आधी काचेच्या कडेला जायची. उघडा जोड, फाटलेला ओठ, साबणाच्या जागी कुणी तेल लावल्यानं फुगलेलं रबर दिसलं की हात शिवशिवायचे. आणि मनात यायचं, हे धाकट्यानंच केलं असणार.

त्यानंच केलं होतं. कारखान्यात सगळ्या काचा त्याच्याकडे आल्या, कारण साहेबांनी त्याचं नाव घेतलं होतं. त्यानं एक काच बसवताना फोडली, दुसरी गळली, तिसरीही फोडली. वरच्यांनी ठरवलं, आता याच्याकडून आमच्यासमोर बसवून घेऊ, नाही जमलं तर घरी. हे मला नंतर कळलं. एक दिवस दुपारी तुम्ही दुकानाच्या पायरीवर येऊन बसलात, काखेत माझ्यासाठी आणलेलं हिरवं लुगडं, आणि यांना म्हणालात, "जावईबापू, पोरीले न्याले आलो. तिच्या मायची तब्येत लई बिघडली." मी होते तशी निघाले. बसमध्ये मी रडत होते. आसिफाबाद गेलं, केरामेरीचा घाट चढून झाला, माझं रडणं थांबेना, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसला होता. घाट संपल्यावर म्हणालात, "माय बरी हाय. काम दुसरंच हाय."

बाबा, मोटारखान्यातल्या त्या शब्दांपेक्षा हा घाट मला जास्त लागला. बाकीची माणसं माझ्याकडे बघून हळहळत होती, एका बाईनं स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं, आणि तुम्ही एवढा वेळ माझं रडणं ऐकत बसू शकलात.

तरी मी शिकवलं त्याला. मोटारखाना बंद पडला होता, पण ती कोंबड्यांची मोटार तिथेच होती. तिच्या फुटक्या काचेच्या जागी आपण जुनी काच धरली, आणि मी धाकट्याला आत बसवून दोरी ओढायला लावली, मग बाहेर उभा करून दाब द्यायला शिकवला. "जोर हाताचा नाई, अंगाचा," "थांब, फेस लाव," "ओढू नको, येऊ दे." तुम्ही लांब बिडी ओढत बसला होता, रस्त्यावरून कोणी बघत तर नाही ना याच्याकडे लक्ष ठेवून. धाकट्याचा अंगठा सोलून निघाला होता. तो एकदम दोरी सोडून म्हणाला, "अक्का, मी त्याच दिवशी साहेबाले सांगाले पाह्यजे होतं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"बाबाकडं पाह्यलं."

त्याच्यावर मी फार दिवस राग धरू शकले नाही. मीही तेच केलं होतं. आपण दोघंही तुमच्याकडेच बघत उभे होतो.

त्यानं परीक्षेत काच नीट बसवली. त्याची नोकरी राहिली. तुम्ही मला बसवर सोडायला आलात तेव्हा मी तुम्हाला विचारलं. आठवतं का? बस सुटायची होती, तुम्ही माझं गाठोडं टपावर चढवून घेत होता. मी म्हणाले, "बाबा, एकदा तरी म्हना."

"काय म्हनू?"

"थे काच मी बसवली होती म्हनून. कोनाजवळ नाई, माह्याजवळच म्हना."

तुम्ही टपावरच्या माणसाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "त्यानं आता काय होते?"

मी बसमध्ये चढले. हिरवं लुगडं मी सासूबाईंना देऊन टाकलं. त्यांनी ते झिजेपर्यंत नेसलं आणि तुमचं नाव काढलं.

त्यानंतर तुम्ही फार काळ राहिला नाहीत. अर्धांगाचा झटका आला असा निरोप आला, आणि या खेपेला मला तो खरा वाटेना. मी दुकानातली भाजी निवडून घेतली, गिऱ्हाईकं केली, मग निघाले. पोचले तेव्हा तुम्हाला नेलं होतं. ओटीवर बसलेले लोक धाकट्याला म्हणत होते, बापाचा हात पोराच्या हातात आला. धाकटा माझ्याकडे बघत होता. मी आत आईजवळ जाऊन बसले.

पुढे धाकटा कारखान्यात मुख्य मिस्त्री झाला. निवृत्त झाला तेव्हा त्याला हार घातले, तो तेलुगूत चार वाक्यं बोलला, सगळं वडिलांचं शिकवणं म्हणाला. मी पहिल्या रांगेत होते. नंतर म्हणाला, "अक्का, घाबरलो. पाठ केलेलं थेच निघालं." तो खरोखर तुमचाच मुलगा आहे.

आता तो इचोड्याला राहतो. मुलाचं हमरस्त्यावर गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आपला जिल्हाही आता फोडला. माझी वांकिडी एका जिल्ह्यात, तुमचं आदिलाबाद दुसऱ्यात. गेल्या हिवाळ्यात नागपूरचे एक गृहस्थ जुनी मोटार घेऊन त्या दुकानात आले. हौसेनं जुन्या गाड्या नव्या करतात म्हणे. पुढच्या काचेची धातूची पट्टी कुठेच मिळेना, आणि पट्टीवाचून रबर ढिलं राहतं. धाकट्यानं त्यांना सांगितलं, माझी बहीण करून देईल. यांना जाऊन बरीच वर्षं झालीत, दुकान मुलीनं घेतलंय, मला अडवणारं कोणी नव्हतं. त्यांनी गाडी पाठवून मला नेलं.

हातात जोर नाही आता. मी खुर्चीवर बसून सांगत होते. धाकटा गाडीत बसून दोरी ओढत होता, त्याचा मुलगा बाहेरून दाबत होता. खाचेत गोल रबर मात्र मी स्वतः भरलं, हळूहळू, मध्ये मध्ये थांबून. त्या गृहस्थांनी नळी लावून पाणी सोडलं. थेंब आत आला नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, फोनवर फोटो काढले आणि मराठीतच विचारलं, "हे कोणी शोधून काढलं हो?"

धाकटा गाडीतून वाकून बाहेर आला. कंबर धरून उभा राहिला. दुकानातली गिऱ्हाईकं, चहावाला, ट्रकवाले, सगळे होते. तो म्हणाला, "हे सगळं हिचं हाय. मी जलमभर हिच्या कामावर भाकर खाल्ली. माह्या बापानं माहं नाव सांगितलं होतं, पन हात हिचा होता." लोक माझ्याकडे बघायला लागले. चहावाल्यानं मला नमस्कार केला.

मी उरलेलं रबर गुंडाळत राहिले. धाकट्याला वाटलं मला कमी ऐकू येतं म्हणून कळलं नसेल. तो माझ्या कानाजवळ येऊन पुन्हा सगळं मोठ्यानं म्हणाला. त्याचं तोंड इतकं आशेनं भरलेलं होतं की मी हसले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याचं समाधान झालं.

ऐकू आलं होतं, बाबा, पहिल्याच वेळी. आनंद झाला नाही. हे शब्द कुणी म्हटले तरी चालतील असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते, ते काही खरं नव्हतं.